झोरानचं कारण

१

दिपेशचा दिवस ठरलेला होता. आठला शहापूर स्टँडसमोरच्या टपरीवर चहा-पाव, साडेआठला खोलीवर परत, झाडू मारायचा, मग लॅपटॉप उघडून एक वाजेपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं. एकला खानावळीत जेवण. परत आल्यावर चारपर्यंत पुन्हा तेच. कॉलेज सोडलेल्या पोराला शिस्त नसते असं त्याच्या तमाम नातेवाइकांचं मत होतं. ते खोटं पाडायचं म्हणून तरी तो घड्याळाच्या काट्यावर जगत होता.

खोली स्टँडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. एक खिडकी, एक मोरी, आणि मागच्या भिंतीत एक दार. त्या दाराला दिपेशच्या बाजूने कुलूप होतं. “आत माजा कबाड हाय. त्या खोलीत तुजा काय काम नाय,” असं घरमालक भगीरथकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिपेशला त्या खोलीत काडीचा रस नव्हता. दाराखाली दोन बोटं फट होती आणि तिथून धूळ यायची, एवढीच त्याची तक्रार.

मंगळवारी सकाळी झाडू मारताना खापर त्या फटीतून आत गेलं.

खापर म्हणजे मडक्याचा तळहाताएवढा खोलगट तुकडा. आदल्या रविवारी तो गावी गेला होता. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो, भेगाळतो, आणि चंद्रावरची जमीन दाखवायला फोटो काढावेत असा दिसतो. फोटो काढता काढता पायाशी हे सापडलं. बाहेरून काळंकुट्ट, आतून राखाडी, आणि कडेला तीन खाचा, कोणीतरी मुद्दाम पाडलेल्या. डासांची कॉइल ठेवायला बरं, म्हणून त्याने ते पिशवीत टाकलं.

आता ते दाराआड होतं. त्याने पालथं पडून पट्टी आत घालून पाहिली. हाती लागेना. जाऊ दे म्हणून कॉइल बशीत ठेवली आणि कामाला बसला.

जेवून आला तेव्हा खापर खोलीत होतं. फटीपासून वीतभर अलीकडे, उताणं.

कुलूप जागच्या जागी होतं. कुलपावरचं कोळ्याचं जाळंसुद्धा. उंदीर, असं तो स्वतःशीच म्हणाला. उंदराला जड वस्तू ढकलायचा छंद असू शकतो. त्याने खापर उचललं तर ते कोमट होतं. फार नाही. चहा पिऊन नुकताच खाली ठेवलेला कप असतो, तेवढं.

मे महिन्यात शहापुरात सगळंच गरम असतं. त्याने कॉइल बशीतून काढून पुन्हा खापरात लावली.

२

तो लिहीत होता तो सिनेमा त्याचा नव्हता. तो अंधेरीच्या स्वरूपचा होता. स्वरूपने दोन वर्षांपूर्वी एक छोटी सायन्स फिक्शन फिल्म नेटवर टाकली होती आणि दिपेशने तिच्याखाली लिहिलं होतं, “ह्या व्हिलनला सकाळी दात घासायलाही कारण नाही, आणि तो पृथ्वी संपवायला निघालाय.” बाकीच्या लोकांनी ‘खूप छान’ लिहिलं होतं. स्वरूपने फोन मात्र दिपेशला केला.

आता स्वरूपकडे मोठा सिनेमा होता, प्रोड्युसर होता, आणि व्हिलन पुन्हा तसाच होता. त्याचं नाव झोरान. चंद्रावरच्या खाणीतलं एक प्रचंड यंत्र. ते एके दिवशी पृथ्वीवर येतं आणि एकेक शहर जाळत सुटतं. का, ह्याचं उत्तर चाळिसाव्या पानावर होतं: ‘कारण मानवजात दुर्बल आहे.’

“दुर्बल आहे म्हणून कोण एवढं इंधन जाळतं?” दिपेशने विचारलं होतं.

“म्हणून तर तुला आणलाय ना भावा,” स्वरूप म्हणाला. “ह्याला कारण दे. असं दे की पब्लिक त्याच्या बाजूने झालं पाहिजे. आणि मग क्लायमॅक्स. सोमवारपर्यंत. जमलं तर टायटलला तुझं नाव आणि इथे ऑफिसात टेबल. नाय जमलं तर प्रोड्युसरचा भाचा तयारच बसलाय, तोही लिहितो म्हणे.”

सोमवार दुसरीकडेही ठरला होता. दिपेशच्या बापाने, धर्माने, मुरबाडच्या एका गोडाऊनवर त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. “सोमवारी आठला हजर राहायचं,” धर्मा म्हणाला होता. का, मला का विचारलं नाही, वॉचमनच का, ह्यातल्या कशालाच उत्तर नव्हतं. “मी सांगतो म्हणून,” एवढंच.

दिपेशच्या घरात कुठल्याच गोष्टीला कधी कारण नसे. अमक्याच्या घरी पाणी प्यायचं नाही, तमक्या वारी नवीन कपडा घालायचा नाही, धरणाच्या काठावर उभं राहून कोणाला हाक मारायची नाही. का म्हणून विचारलं की म्हातारी माणसं तोंड फिरवायची. झोरान लिहिणाऱ्याची ही अडचण त्याच्या चांगल्या ओळखीची होती. बिनकारणाच्या माणसांतच तो वाढला होता.

३

कारण सुचलं ते त्याच मंगळवारी दुपारी, एका दमात.

झोरान मारायला आलेला नाही. तो चंद्रावरच्या वस्तीची भट्टी राखायचा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. रोज संध्याकाळी घरोघरची माणसं भांडी घेऊन त्याच्या दाराशी यायची आणि विस्तव घेऊन जायची. एके दिवशी यानं आली, माणसं चढली आणि निघून गेली. झोरानला कोणी सांगितलंच नाही. तो भट्टी राखत बसला. वर्षानुवर्षं. मग त्याला वाटलं, हे लोक येऊ शकत नसतील. थंडीने कुडकुडत असतील. आपणच नेऊन द्यावं. आणि तो भट्टी घेऊन निघाला.

तो शहरं जाळत नाही. तो विस्तव पोचवतोय.

दिपेशच्या हातावर काटा उभा राहिला. चांगलं सुचल्यावर राहतो तसला. त्याने मंगळवारी आठ पानं लिहिली, बुधवारी सकाळी आणखी सहा.

बुधवारी त्याने एक पोरकटपणा केला. झाडू मारून झाल्यावर पायाने खापर मुद्दाम फटीतून आत ढकललं. उंदराची परीक्षा. मग खुर्चीवर बसून तो संवाद मोठ्याने वाचू लागला. ही त्याची पद्धत होती. तोंडात न बसणारं वाक्य कागदावर टिकत नाही.

“तुम्ही आला नाहीत,” तो झोरानच्या आवाजात, खालच्या पट्टीत म्हणाला. “मी रोज राखून ठेवला. तुम्ही न्यायला का आला नाहीत?”

पुढचं वाक्य नायकाचं होतं. ते वाचायला त्याने श्वास घेतला, आणि दाराआडून आवाज आला. खर्र. फरशीवर माती घासल्याचा. थोडा थांबला. पुन्हा खर्र.

दिपेशने मान वळवली नाही. बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता, ते तो शब्द न् शब्द ऐकत राहिला. भांडण मिटल्यावर त्याने पाहिलं. खापर फटीच्या अलीकडे होतं. त्यात चिमूटभर राख होती, चाळून घेतल्यासारखी बारीक आणि पांढरी.

उंदीर राख आणत नाहीत. पण आतल्या कबाडात जुनी शेगडी असू शकते, तिच्यात राख असू शकते, आणि खापर घरंगळताना ती राख त्यात पडू शकते. त्याने हे तीनदा मनाशी मांडलं. तिन्ही वेळा ते जवळजवळ पटलं.

४

गुरुवारी त्याने भगीरथकाकांना गाठलं.

“काका, आत शेगडी आहे का?”

“कसली शेगडी? घरात गॅस येऊन तीस वर्षं झाली.”

“मग चूल?”

“तू शिकलेला ना रे? शहापुरात चूल शोधतोस?” काका हसले, पण दिपेश हसत नाही बघून कुरकुरत किल्ली घेऊन आले. कुलूप गंजलेलं. चौथ्या झटक्याला निघालं. जाळं फाटलं.

खोली लहान होती. गंजका पलंग, पाती नसलेला कूलर, कुठल्या तरी निवडणुकीतल्या फ्लेक्सची गुंडाळी, तीन पायांची खुर्ची. सगळ्यावर गोधडीसारखी धूळ. खिडकी नाही. दुसरं दार नाही. तिन्ही भिंती सलग. धुळीत कोणाचं पाऊल नाही, उंदराचंसुद्धा नाही.

फक्त दाराच्या आतल्या बाजूला, फटीला लागून, एक जागा साफ होती. सुपाएवढी. नुसती साफ नव्हती, सारवलेली होती. फरशीवर शेणाचा पातळ हात फिरलेला आणि त्यात बोटांचे अर्धगोल उमटलेले, चुलीपुढे उमटतात तसे. अजून पुरतं वाळलेलंही नव्हतं. एका हाताच्या रेघा चार असतात. ह्या जास्त होत्या. दिपेशने पुन्हा मोजल्या नाहीत.

भगीरथकाकांनीही पाहिलं. त्यांनी पाहिलं हे दिपेशने पाहिलं. काकांचा चेहरा असा झाला की जणू ते दिपेशच्या नव्हे, स्वतःच्याच घरात चुकून शिरलेत.

“उंदीर हायेत,” ते म्हणाले आणि कुलूप लावू लागले.

“काका, ते सारवलेलं होतं.”

“औषध टाक उंदरांचं. स्टँडजवळ मिळतं.”

“तुम्ही बघितलंत.”

“मी काय बघितलं? तूही काय बघितलं नाय.” किल्ली कमरेला खोचून ते गेले. दिपेशला राग आला, आणि त्या रागाने जरा बरंही वाटलं. भीतीपेक्षा राग त्याच्या सवयीचा होता. पन्नाशीनंतर माणसाचे डोळे जात नाहीत, तो डोळ्यांना काम सांगायचं सोडून देतो, असं त्याने वहीत लिहून ठेवलं. झोरानच्या तोंडी घालता आलं असतं.

५

शुक्रवारी सकाळी त्याने नवं कारण स्वरूपला पाठवलं. दुपारी फोन आला.

“भावा. प्रोड्युसरने दोनदा वाचलं. तो माणूस स्वतःच्या लग्नाची पत्रिकापण दोनदा वाचणार नाय.”

“मग?”

“मग काय, कमाल आहे. झोरानची दया येते रे. पण आता प्रॉब्लेम असा आहे की हा थांबणार कसा? आधी कसं, हिरो येतो, बॉम्ब लावतो, खलास. आता असं मारलं तर पब्लिक आपल्याला मारेल. एवढं सॉलिड कारण दिलंस, तर त्याला थांबवायलाही तेवढंच सॉलिड काहीतरी पाहिजे.”

“बघतो.”

“सोमवार हां. भाचा रोज फोन करतोय.”

दिपेशने बघितलं. दुपार गेली, काही दिसलं नाही. ज्याला राग नाही, लोभ नाही, ज्याला वाटतं की आपण उपकारच करतोय, त्याला अडवायचं कसं? खापर त्याने वरच्या फळीवर पालथं घालून ठेवलं होतं, वर इंजिनिअरिंगचं एक जाड पुस्तक. त्या पुस्तकाचा झालेला तो पहिला उपयोग.

शनिवारी खानावळीतून आला तेव्हा पुस्तक फळीवरच होतं. खापर दाराच्या फटीपाशी होतं, उताणं, आणि त्यात तीन निखारे होते.

धूर नव्हता. खालची फरशी काळवंडली होती. दिपेश उंबऱ्यात उभा राहून बराच वेळ विचार करत राहिला की ही खोडी कोण करू शकतं. नावं सापडेनात. शेवटी त्याने मोरीतून तांब्याभर पाणी आणून ओतलं. चर्र झालं, वाफ वर गेली, निखारे काळे पडले. त्याने फरशी पुसली, हात धुतले, खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने वळून पाहिलं. निखारे तसेच होते. ओले होते आणि लाल होते.

तेव्हा त्याला त्या तीन खाचा आठवल्या. आणि हे खापर आपण कुठून उचललं, ते आठवलं. धरणात जुनी शिसवाडी बुडाली, चाळीसेक वर्षांपूर्वी. त्याच्या घरच्यांचं मूळ गाव. त्याच्या बापाने ज्याचं नाव कधी काढलं नाही ते.

६

रविवारी सकाळी खापर पत्र्याच्या डब्यात ठेवून, डबा गोणपाटात गुंडाळून तो निघाला. मुरबाडला गाडी बदलली, माळशेजच्या गाडीने वैशाखऱ्याला उतरला, आणि तिथून चालत नव्या शिसवाडीला. वाटेत कंडक्टरने विचारलं, “काय रे, जेवण का? गरम लागतंय.” दिपेश हो म्हणाला.

आई सरळगावला लग्नाला गेली होती. ओटीवर गुणाबाई, त्याची आत्या, पुढ्यात सूप घेऊन वाल निवडत बसली होती. ती धर्माची थोरली बहीण, गाव उठलं तेव्हा तेवीस वर्षांची. धर्मा खुर्चीत मोबाइल बघत होता.

“आलास? बरा झाला. उद्या इथूनच जा गोडाऊनवर,” धर्मा म्हणाला.

दिपेशने डबा मध्ये ठेवला आणि झाकण काढलं.

धर्माने एकदा बघितलं आणि नजर मोबाइलवर नेली. बोट मात्र हलेना. आत्या पुढे वाकली. निखाऱ्यांवरची राख तिने बोटाने बाजूला केली, सायीवरून बोट फिरवावं तशी, आणि कडेच्या खाचा चाचपल्या.

“आपलं हाय,” ती म्हणाली. “तीन खाचा आपल्या घरच्या. कुठं गावला तुला?”

“गुणाबाय, गप ऱ्हा,” धर्मा म्हणाला.

“आत्या, तू बोल. बाबा, तुम्ही गप राहा. आयुष्यभर राहिलातच.”

धर्मा उठेल, कानाखाली देईल असं दिपेशला वाटलं. तो उठला नाही. आत्या वाल निवडता निवडता बोलू लागली, शेजारच्या घरचं सांगावं तसं.

“काड्यापेट्या कोनाला परवडायच्या तवा. ज्याची चूल विझली त्यानं शेवटच्या घरी जायचं. दाराखालून खापर आत सरकवायचं नि पाठ करून उभं ऱ्हायचं. मागं बघायचं नाय. खर्र आवाज आला का उचलायचं, निघायचं.”

“शेवटच्या घरात कोण राहायचं?”

“कोन नाय.”

“मग विस्तव कोण द्यायचं?”

आत्याने एक किडका दाणा बाहेर फेकला. “मिळायचा.”

“आणि कोणी विचारलं नाही? गावात एवढी माणसं. एकालाही वाटलं नाही की आत कोण आहे बघावं?”

“इस्तव मिळायचा ना रे,” आत्या म्हणाली. तिला तो प्रश्नच कळलेला नव्हता.

ओटीवर उन्हाची तिरीप सरकत होती. डब्यातला उजेड उन्हातही दिसत होता.

“आणि नको असेल तर?” दिपेशने विचारलं.

“नको तर दारात खापर पालथं घालायचं. मंग तेला समजायचं, नको. गाव सोडलं तवा सगळ्यांनी पालथी घालून यायचं ठरलेलं.”

“घातली?”

आत्याने भावाकडे पाहिलं. धर्माने मोबाइल खिशात ठेवला.

“नव्या जागेचा काय भरोसा होता?” तो म्हणाला. “पानी भरलंच नसतं तर परत यावं लागलं असतं. मग कोनाच्या तोंडाकडं बघायचं? मोठी माणसं बोलली, ऱ्हाऊ द्या उताणीच. लागला तर हाय. मी चवदा वर्षांचा. मला काय विचारता?”

“म्हणजे निघून आलात, सांगितलं नाहीत, आणि मागत मात्र राहिलात. चाळीस वर्षं.”

“आमी काय नाय मागितला. विसरलो आमी.”

“तुम्ही विसरलात. खापरं तिथेच होती.”

दिपेशला सगळं लख्ख दिसत होतं आणि त्यात एक विचित्र आनंदही होता. आपल्याला सुचलं नव्हतं तर. कोणीतरी फटीतून पुढे सरकवलं होतं. पण कारण बरोबर होतं, शब्दाला शब्द बरोबर. आणि आता शेवटही हातात आला होता. झोरानला बॉम्ब लागत नाही. एका माणसाने समोर येऊन भांडं पालथं घातलं की तो थांबतो. एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

“मी पालथं घातलं होतं,” तो म्हणाला. “परत उताणं झालं.”

“तुजा हात नाय तो. जेनं ठेवला तेनं घालायचं. ह्ये मी ठेवलेलं, निघायच्या दिशी.”

“मग घाल. आत्ता. माझ्यासमोर.”

७

आत्याने खापर डब्यातून उचललं. नुसत्या हातांनी. दिपेश पुढे झाला, पण तिचा हात भाजला नाही. ओंजळीत धरून ती बसून राहिली. मे महिन्याची दुपार, दिपेशचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आत्या दोन्ही तळवे त्या निखाऱ्यांभोवती असे गोल करत होती जसे पौषात शेकोटीला करतात.

“सगळी बोलतात गरमी वाढली,” ती म्हणाली. “मला तवापासनं हिवच भरलंय. अंगातलं जातच नाय.”

“आत्या, पालथं घाल.”

“घालते रे. एक भाकर तेवढी टाकते. गॅसवरची भाकर ती काय भाकर?”

“आत्या.”

ती उठली आणि आत गेली. मागल्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यात तिने ते निखारे घातले. काटक्यांनी लगेच पेट घेतला. दिपेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. थापल्याचा आवाज आला, मग पापुद्रा फुगल्याचा वास आला. तो वास त्याला माहीत नव्हता, तरी तोंडाला पाणी सुटलं.

धर्मा त्याला ओलांडून पडवीत गेला. पाट ओढून चुलीपुढे बसला. आत्याने पहिली भाकरी त्याला दिली. तो नुसतीच खाऊ लागला, मीठ नाही, चटणी नाही, डोळे मिटून. त्याच्या दाढीच्या खुंटांवरून पाणी ओघळत होतं, घाम होता की काय ते कळत नव्हतं. दिपेशने आपल्या बापाला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

“बरा हाय इस्तव,” धर्मा म्हणाला.

“पयल्यासारखाच,” आत्या म्हणाली.

चूल विझली नव्हती, चांगली धगधगत होती. कशाचीच गरज नव्हती. तरी आत्याने खापर पदराने पुसलं, भात ठेवायच्या खोलीचं दार पडवीत उघडायचं तिथे गेली, आणि गुडघ्यावर हात टेकून वाकली. कणगी, बी-बियाणं, रिकामी पोती ह्यांपलीकडे त्या खोलीत काही नव्हतं. दाराला कडी होती.

“पालथं,” दिपेश म्हणाला.

तिने खापर उताणं धरलं आणि फटीतून आत सरकवलं. मग सरळ उभी राहून दाराकडे पाठ केली. धर्मानेही भाकरी हातात धरून भिंतीकडे तोंड फिरवलं. देवाला हात जोडावेत तितक्या सवयीने दोघांनी ते केलं.

दिपेशला पाठ करायला कोणी शिकवलं नव्हतं. तो बघत राहिला.

खर्र.

फटीखालच्या अंधारातून काहीतरी खापर पुढे ढकलत होतं. ओलं होतं. कोपरापर्यंत सारवणाने माखलेलं असावं तसं, पण कोपर यायला हवं होतं तिथे कोपर आलंच नाही, हातासारखं ते पुढे पुढे येतच राहिलं. बोटं होती. कशाचीही घाई नव्हती. खापर त्याने अगदी अलगद ठेवलं, एकही निखारा हलणार नाही असं, आणि मागे गेलं.

मग पुन्हा आलं.

ह्या वेळी दुसरं खापर होतं. नवं, ओल्या मातीचं, अजून भाजलेलंही नाही. कडेला एकही खाच नव्हती. त्यातही तीन निखारे होते. ते त्याने आत्याच्या खापराच्या रांगेत न ठेवता थोडं पुढे, दिपेशच्या पायाच्या दिशेने सरकवलं. आणि गेलं.

दिपेशच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने तो कानाला लावला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

“भावा, सुट्टीचा त्रास देतोय,” स्वरूप म्हणाला. “सुचलं का? थांबतो कसा?”

“थांबत नाही,” दिपेश म्हणाला. “घरातलं कोणीतरी घेतं.”

“हॅलो? मग एंड काय?”

आत्या वळली होती. तिने आपलं खापर उचललं, नव्याकडे पाहिलं, आणि कौतुकाने हसली. धर्मा भिंतीकडेच तोंड करून घास चावत होता.

“उचल,” तो म्हणाला. “तुजा हाय.”

दिपेशने फोन खाली ठेवला. माती अजून ओली होती, हाताला मऊ लागली, आणि बोटं अजिबात भाजली नाहीत. का, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.